दुपारची पांझरा

माझी नात मोबाइलवर नदी लावून झोपते. खोटं नाही सांगत. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून जळगावला माझ्याकडं येते, दुपारी जेवण झालं की पंख्याखाली आडवी होते आणि उशीशी फोन ठेवून त्यावर बोट फिरवते. लगेच खोलीत पाणी वाहायला लागतं. खळखळ खळखळ, मध्येच एखादा पक्षी. त्यानं म्हणे झोप छान लागते. लागते हो, तिला लागते! पाच मिनिटांत पोरीचं तोंड उघडं. इकडं माझे डोळे मात्र टक्क. मी उठते, स्वयंपाकघरात जाते, नळ बघते, उगीचच एक पालथं पातेलं सरळ करते आणि परत येऊन पडते. काल तर खेकसलेच तिच्यावर, "बंद कर ग ते मेलं!" पोर दचकून उठली. म्हणाली, "आजी, नुसती नदी तर आहे."

नुसती नदी. आता हिला काय सांगू?

वैशाख लागला की आमच्या खान्देशात दुपारचं गाव गाव राहत नाही. डांबर चपलेला चिकटतं, दाराची कडी हाताला चटका देते, बारानंतर कुत्रंसुद्धा भुंकायचे कष्ट घेत नाही. माणसं जेवतात आणि जिथं सावली असेल तिथं लवंडतात. त्या वेळी जी शांतता पसरते ना, ती मला कधीच सुखाची वाटली नाही. लोक म्हणतात, काय निवांत वाटतं! मला वाटतं, आता काहीतरी वाजणार. कान आपोआप उभे राहतात. इतकी वर्षं झाली, नवरा गेला, मुलं मार्गाला लागली, गुडघे गेले, पण कान काही म्हातारे होत नाहीत. दरवर्षी हे दिवस आले की ते मला उचलून धुळ्याला नेऊन ठेवतात. बहात्तर साली पावसानं तोंड फिरवलं, त्यानंतरचा तो उन्हाळा.

माझं माहेर धुळ्याचं. जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. आमची गल्ली नदीकडं उतरत जायची आणि शेवटच्या घरामागं पांझरा. घरं धाब्याची, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. एरवी त्या धाब्यांवर उन्हाळ्यात बिबड्या, कुरडया, पापड वाळायचे, आणि आम्ही पोरी कावळे हाकत ओल्याच बिबड्या खायचो. त्या साली धाबी रिकामी. बिबड्यांचं पीठ शिजवायला पाणी कुणी द्यायचं? नदीत वाळू होती, आणि वाळूत लोकांनी खणलेले झिरे. वाटीवाटीनं पाणी काढायचं आणि तेही गढूळ.

नळाला पाणी यायचं, नाही असं नाही. पण कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं. पहाटे येईल, भर दुपारी येईल, दोन दिवस येणारच नाही. आलं तरी घटकाभर. म्हणून प्रत्येक घरात एकच युक्ती. नळाची तोटी उघडीच ठेवायची आणि खाली भांडं पालथं घालायचं. पाणी येण्याआधी नळ खाकरतो, हवा सोडतो, मग पहिला थेंब पालथ्या भांड्यावर पडतो, टण्ण! की उठलंच पाहिजे. आमच्याकडं पितळी परात होती. समोरच्या अक्कांकडं पत्र्याचा डबा, पलीकडं जर्मनची तपेली. आंधळ्या माणसालाही नुसत्या आवाजावरून कळलं असतं, की कुणाच्या घरी पाणी आलं. अख्खी गल्ली एक कान उघडा ठेवून झोपायची. त्याला झोप म्हणायचं की काय म्हणायचं, देव जाणे.

आमच्या घरी तो कान आईचा होता.

झालं होतं असं. होळीनंतर आईला ताप भरला आणि तापाच्या गुंगीत तिला गाढ झोप लागली. घरात दुसरं कुणी नव्हतं. नेमकं तेव्हा पाणी आलं, परातीवर बदाबदा पडलं, मोरीतून वाहून गेलं. नाना, म्हणजे आमचे वडील, कचेरीतून आले तेव्हा हंड्याच्या तळाशी जेमतेम पाणी. नाना तसे दुष्ट नव्हते हो. पण उन्हातून आलेला, घसा कोरडा पडलेला माणूस. बोलून गेले, "तुला झोप प्यारी. मग पोरांनी काय आता तुझी झोप प्यायची?"

एवढंच. पण आईनं ते वाक्य जे धरून ठेवलं, ते सोडलंच नाही. त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागेना. मोरीच्या उंबऱ्याशी सतरंजी टाकून पडायची, एक हात परातीवर. आम्ही म्हणायचो, आई, आम्ही बसतो ना राखण करत, तू जरा झोप. तर म्हणायची, "तुमच्या कानांवर माझा भरवसा नाही." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "गोळी घेऊन झोपले आणि पाणी आलं तर?" गोळ्या तशाच फडताळात. वरणात दोनदा मीठ पडायला लागलं. मला हाक मारताना तिच्या मेलेल्या बहिणीचं नाव तोंडात यायचं. एकदा काडी ओढून चूल पेटवायला बसली आणि काडी बोटापर्यंत जळत आली तरी बघतच राहिली. डॉक्टर नानांना बाजूला घेऊन म्हणाले, "बाईंना झोप लागली पाहिजे. नाहीतर डोकं फिरेल त्यांचं." मी दाराआड होते, ऐकलं.  आमची आई, जिच्या जिवावर ते घर उभं, ती आमच्या डोळ्यांदेखत हातातून चालली होती.

अशात दिनूदादा आला.

दादा बडोद्याला चित्रकला शिकायला गेला होता. शेवटची परीक्षा देऊन परतला तो दाढी वाढवून आणि खांद्याला रिळांचा टेपरेकॉर्डर अडकवून. नानांनी विचारलं, "चित्रं कुठायत?"

"नाना, मी आता आवाजाचं काम करतो."

"म्हणजे गातोस?"

"नाही. आवाज गोळा करतो आणि मांडतो. रस्त्यावर, चौकात. येणाऱ्याजाणाऱ्यानं ऐकावेत म्हणून."

"मांडतो? दुकान आहे काय?" नाना म्हणाले. "अरे, शिरपूरच्या शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा आहे, अर्ज कर. आवाज काय, आमच्याकडं फुकट पडलेत."

दादा हसला. पण आईकडं बघितल्यावर त्याचं हसू गेलं ते गेलंच.  दोन दिवस तो गल्लीत घरोघरी जाऊन नळापाशी पालथा पडायचा, भांड्यांचे आवाज टिपायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग एक दिवस त्यानं मला धाब्यावर नेलं आणि एक रीळ दाखवलं. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात सुट्टीला आला होता, तेव्हा कुणाचं तरी उसनं यंत्र घेऊन, पुलावर उभं राहून त्यानं पांझरेचा पूर टिपून ठेवला होता. मला आठवलं. आई छत्री घेऊन त्याला शोधत पुलावर गेली होती.

"हे गल्लीत लावायचं," दादा म्हणाला. "भर दुपारी, सगळे पेंगत असताना. जागा माणूस आवाज ऐकत नाही कुमे, ओळखतो. ओळखला की सोडून देतो. झोपलेला तर ऐकतच नाही. पण झोपेच्या काठावरचा माणूस असतो ना, तो खरा ऐकतो. त्याच्या अंगात जातो आवाज."

"पण कशाला?"

"आईसाठी. तिला झोप लागायला हवी. गल्लीचं नुसतं निमित्त."

"मग खोलीतच लाव की."

"खोलीत ते यंत्र वाटेल. नदी लांबूनच यायला हवी."

त्याच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं त्याला मी काय म्हणू? वेड म्हणा, माया म्हणा. त्याला दोन्ही एकदमच झालं होतं, आणि त्यातलं कुठलं किती, ते त्यालाही ठाऊक नसावं.

त्या वर्षी लग्नं रोडावली होती, मंडपवाल्याचे कर्णे धूळ खात पडलेले. दादानं दोन उसने आणले. एक नदीकडच्या निंबावर बांधला, दुसरा आमच्या धाब्यावर. गल्लीतल्या वडीलमंडळींना सांगितलं, दुपारी जरा कार्यक्रम लावतो. त्यांना वाटलं, भजनं लावेल. लाव म्हणाले.

ती दुपार मला अंगावर आठवते. मी ओट्यालगतच्या खोलीत जमिनीवर पडले होते. फरशीसुद्धा कढत. दाराला लावलेलं पोतं कोरडंच, ते भिजवायला पाणी कुठलं. डोळे मिटत होते, पापण्यांच्या आत लालभडक दिसत होतं. आधी वाटलं, माझ्याच कानात रक्त वाजतंय. मग तो घुमारा मोठा झाला. लांबून, नदीकडून, जमिनीलगत सरकत आल्यासारखा. मला ठाऊक होतं हो काय आहे ते, दादानं दाखवलं होतं! तरी अंगावर काटा आला. तळपाय गार पडले. चिखलाचा वास आला मला, शपथ घेऊन सांगते, शेवाळाचा आणि म्हशींच्या अंगाचा वास. मी त्या पाण्याला लागून पडले होते आणि अजून थोडी कलंडले असते तर आत गेले असते.

तेवढ्यात गल्लीतून किंकाळी उठली, "पानी उनं! पानी उनं व माय!"

पाणी आलं म्हटल्यावर मग जी धावपळ उडाली! दारं धाडधाड उघडली. हंडे, घागरी, बादल्या, जे हाताला लागेल ते. कुणी नळाकडं, कुणी कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाकडं, कुणाचा पदर कुठं, कुणाचं पोर कुठं. नळ ठणठणीत कोरडे, आणि पाण्याचा आवाज तर मोठमोठा होत चाललेला. मग कुणीतरी ओरडलं, नदीला आलंय! झालं, सगळ्या बाया नदीकडं. अनवाणी. समोरच्या अक्का सगळ्यांत पुढं. अक्कांच्या दावणीला एक म्हैस उरली होती, बाकीच्या त्यांनी शिरपूरकडं भावाकडं धाडलेल्या. ती एक जगावी म्हणून बाई स्वतः अर्ध्या तांब्यावर दिवस काढायची. मी धाब्यावर धावले. वरून सगळं दिसत होतं. तापलेल्या वाळूत बायका हंडे घेऊन उभ्या, एक पाय उचलतायत, दुसरा टेकतायत, आणि डोक्यावर निंबातून नदी कोसळतेय.

तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला, "दिनूऽऽ, पुरे रे आता! भिजशील. चल घरी."

आमच्या आईचा आवाज. पुलावरचा, दोन वर्षांपूर्वीचा.

 खाली एकेक मान आमच्या धाब्याकडं वळली. अक्का ओरडल्या, "बठ्ठं खोटं शे! हाई तर दिन्याना खेय शे!" सगळा दिन्याचा खेळ म्हटल्यावर दादानं घाईघाईनं यंत्र बंद केलं. त्याचा चेहरा पांढराफटक. असं होईल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. शिकलेल्या माणसाच्या डोक्यात काय काय येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं झोपेचा विचार केला, गारव्याचा केला, काठाचा केला. तहानेचा केला नाही.

अक्का तरातरा आमच्या घरात शिरल्या, मागं चारपाच जणी. आता काय रामायण होतंय म्हणून मी जिन्यावरच थबकले. पण अक्का मोरीपाशी पोचल्या आणि थांबल्या. आई झोपली होती. तोंड अर्धवट उघडं, हात परातीवरून घसरून खाली आलेला, छाती संथ वरखाली. एवढा गलका झाला तरी तिला पत्ता नव्हता. अक्का नुसत्या बघत राहिल्या. मग मागं वळून बायांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "जपनी शे. जपू द्या तिले."

सगळ्या चवड्यांवर बाहेर गेल्या. ओट्यावर दादा मान खाली घालून उभा होता. अक्का त्याला एवढंच म्हणाल्या, "तुनी मायले नींद उनी, बरं झायं. पन मना पोटमा आग पडनी रे भाऊ. आते नको लावू."

दादानं दोन्ही कर्णे उतरवले.

आई संध्याकाळी उठली ती वेगळीच बाई होऊन. मीठ बरोबर पडलं. मला माझ्या नावानं हाक मारली. जेवताना म्हणाली, "काय बाई स्वप्न पडलं! पांझरा आलीय दुथडी भरून, मी पुलावर उभी आहे, दिनू भिजतोय." दादा सांगायला तोंड उघडणार, तोच नाना म्हणाले, "जेव मुकाट्यानं." मागनं आम्हा दोघांना बोलावून बजावलं, "सांगू नका तिला." त्या दिवसांत नाना तिच्याशी फार जपून बोलायचे. ते एक वाक्य त्यांनाही डाचत असावं. आमच्या घरात मनातलं बोलून दाखवायची रीत नव्हती.

पण एका दुपारच्या झोपेनं किती दिवस निघणार? पुन्हा आईचे डोळे उघडेच. चौथ्यापाचव्या दिवशी तिनं तापल्या तव्यावर तळवा टेकला आणि तिला कळलंच नाही. अक्का तेव्हा ताक द्यायला आल्या होत्या, त्यांनीच तिचा हात ओढून काढला. संध्याकाळी गल्लीतल्या बाया अक्कांच्या ओट्यावर जमल्या, काय बोलल्या कुणास ठाऊक, आणि मग अक्का आमच्या दारात आल्या. "लाव रे भाऊ तुनी नदी," दादाला म्हणाल्या. "आम्ही कानमा कापूस घालसूत. मी एक कान उघडा ठेवसू, पानी उनं ते बठ्ठास्ले उठाडसू."

धुळ्यात कापसाची काय कमी! दुसऱ्या दिवसापासून जेवणं आटोपली की गल्लीतून कापसाचा पुडा फिरायचा. एकेक जण चिमूटभर घ्यायचा, बोळे करायचा, कानात घालायचा आणि आडवा व्हायचा. म्हातारी माणसंसुद्धा. मुलांच्या कानांत आया घालायच्या. हसावं की रडावं, सांगा! एका बाईला झोप यावी म्हणून अख्खी गल्ली बहिरी होत होती. ज्या नदीनं त्यांना भाजत्या वाळूत उभं केलं, ती पुन्हा ऐकू नये म्हणून. आणि ज्या बाईसाठी हे चाललं होतं, तिला कशाचाच मागमूस नव्हता. नदी यायची, तिला घेऊन जायची.

तेवढे दिवस बरे गेले. आईच्या गालांवर जरा रंग आला. दादाही खुलला, रोज काही ना काही बदलायचा, आधी घुमारा लहान, मग मोठा, आईची हाक त्यानं कापून काढली. पण एकदा जेवताना आई म्हणाली, "रोज तेच स्वप्न पडतं बाई. आणि झोपेतच वाटतं, आता नदीच आली, आता नळाची राखण कशाला करायची? म्हणून मग झोपते." आणि हसली. दादाचा घास हातातच राहिला. मी ताटाकडं बघत राहिले. मला तेव्हाच भीती वाटली, कशाची ते सांगता आलं नसतं.

मग ती दुपार आली. आईला दिसू नयेत म्हणून आमच्या घरी कापसाचे बोळे नव्हते. मी काठावरच होते, निम्मी इकडं, निम्मी तिकडं. नदी चालली होती. तिच्यात मला नवीनच काही ऐकू आलं. बारीक किणकिण, मग टणटण, मग पत्र्यावर कुणीतरी मूठमूठ वाटाणे टाकावेत तसं. मला वाटलं, वा, भांड्यांचे आवाज घातले दादानं, छान बसवलेत. आणि मी सुखानं कूस बदलली.

दादा धाब्यावर जिन्याच्या सावलीत यंत्रापाशी बसला होता. तोही पेंगुळला. रीळ संपलं, सुटलेलं टोक फट् फट् करत फिरायला लागलं. त्यानं खटका बंद केला. आणि तरीही पाणी वाहत होतं. त्यानं पुन्हा खटका बघितला. बंदच होता.

"पाणी! अरे, पाणी आलंय! खरं पाणी!" त्याचा तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. जिन्यावरून कोसळतच खाली आला, दारं बडवत सुटला. पण कानांत बोळे. आणि ज्यांना ऐकू गेलं, त्यांना वाटलं, हा टेपचाच भाग. अक्काही झोपल्या होत्या, उघडा कान वर करून, शांत. रोज ती नदी ऐकून त्यांनाही झोप लागायला लागली होती आणि बिचारीनं लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं. एकेक जण उठेपर्यंत पाणी गेलं होतं, नळ पुन्हा नुसती हवा खाकरायला लागले होते. घरोघरच्या पालथ्या भांड्यांवरून पाणी मोऱ्यांत, मोऱ्यांतून गटारात, गटारातून खाली वाळूत. गल्लीभर ओल. दोन दिवसांनी आलेलं पाणी, आणि एकाही घरात घागर भरली नाही.

आई दादाच्या ओरडण्यानं उठली. मोरी ओली, परात ओली, तिची सतरंजी अर्धी भिजलेली. ती तशीच बाहेर ओट्यावर आली. गल्लीत सगळे उभे होते, रिकाम्या भांड्यांनिशी, आणि कानांतले बोळे काढत होते. आईनं एकीकडं बघितलं, दुसरीकडं बघितलं.

"अक्का, कानात कापूस कशाला हो?"

बायका अक्कांकडं बघायला लागल्या. शेवटी अक्काच म्हणाल्या, "तुन्यासाठी व बहीन. तुले नींद यावा म्हनीसन."

मग सगळं सांगावं लागलं. दादानंच सांगितलं, ओट्याच्या पायरीवर उभं राहून, सगळ्यांसमोर. आई ऐकत होती. शेवटी तिनं दादाला एवढंच विचारलं, "म्हणजे नदी आलीच नव्हती?"

"नाही ग."

"मला वाटलं, आली. म्हणून झोपले मी. मला फसवलंस होय रे दिनू?"

गल्लीनं आईला एका शब्दानं दुखवलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडून मोकळे झालो असतो सगळे. उलट रात्रीच्या जेवणाआधी अक्कांनी एक तांब्या पाणी पाठवलं, म्हशीच्या वाटणीचं. आईनं ते आम्हाला वाढलं. स्वतः ओठाला लावलं नाही. नाना म्हणाले, "आजपासून मी बसतो नळापाशी, तू झोप." बसलेही. रोज बसायचे, पेंगत, मान टाकत, पण बसायचे. आई "झोपते हो" म्हणायची आणि छताकडं बघत पडून राहायची. दादानं ते यंत्र पेटीत बंद केलं आणि शिरपूरच्या शाळेत अर्ज टाकला. पुढं जन्मभर तिथं पोरांना आंबा आणि माठ काढायला शिकवलं. चांगला मास्तर होता म्हणतात. पण मला कधी वाटतं, तो जे काही करू बघत होता ते त्या ओल्या गटारातून वाहून गेलं. त्याचा गुन्हा काय होता? आईला झोप यावी, एवढंच ना? आणि गल्लीचा तरी काय होता? मला आजही कुणावर चिडावं ते समजत नाही, म्हणून मी नातीवर चिडते.

तिला मी हे सांगितलं नाही. तिच्या नळाला चोवीस तास पाणी. तिची नदी थांबवली की थांबते, लावली की वाहते, आणि तिच्यापायी कुणी अनवाणी धावत नाही. झोपू दे पोरीला. आई पुढं बरी झाली, पुष्कळ जगली, नातवंडं खेळवली. दुपारी मात्र कधी पाठ टेकली नाही तिनं.

नाही. एकदा टेकली होती. त्याच साली, आषाढात.

गावात पावसाचा टिपूस नव्हता. ऊन तसंच. पण पश्चिमेला, साक्रीच्या पल्याड, पांझरा जिथून येते त्या डोंगरांवर काळं धरलं होतं. आईला पुन्हा ताप होता. नदीकडच्या खिडकीखाली तिला खाटेवर निजवलं होतं, दादा पायांशी, मी उशाशी. ताप उतरत होता, तिला घाम फुटला होता आणि कितीतरी दिवसांनी तिच्या पापण्या जड होऊन खाली येत होत्या. आम्ही श्वास रोखून बसलो होतो.

आणि लांबून घुमारा आला. जमिनीलगत सरकत.

मी दादाकडं बघितलं, दादानं माझ्याकडं. यंत्र पेटीत, पेटीला कुलूप. घुमारा मोठा झाला, आणि गल्लीतून एकच ओरडा उठला, "पांझरा उनी! पांझरा उनी!" दारं धाडधाड उघडली. दादा ताडकन उठला, त्याचे डोळे भरून आले होते. आईवर वाकून म्हणाला, "आई, नदी आली ग! खरी! ऐक!"

आईनं डोळे उघडले नाहीत. झोपेच्या काठावरूनच बोलली, जीभ जड झालेली.

"दिनू, बंद कर रे ते."

"आई, खरी आहे ग."

"बंद कर. बायका धावतात रे. अक्कांच्या पोटात आग पडते."

 बाहेर हंडे वाजत होते, पोरं किंचाळत होती, पुलाकडं पळणाऱ्या पायांचा आवाज आणि त्या सगळ्याच्या वर ते पाणी. मग दादा हळूच खिडकीपाशी गेला. एक झडप लावली, दुसरी लावली, कडी घातली. कोपऱ्यातलं घोंगडं घेऊन फटीत दाबलं.

"केलं बंद, आई," तो म्हणाला. "झोप."

"बरं," आई म्हणाली आणि कुशीवर वळली.

ती झोपेपर्यंत दादा खिडकीला पाठ लावून उभा होता.